आधी वजन, मग लिफ्ट: बेळगाव भागात समकालीन नृत्यातलं पार्टनर वर्क शिकताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बऱ्याच डान्स क्लासमध्ये आता कंटेम्पररी, म्हणजे समकालीन नृत्य, शिकवतात. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा गणपतीतल्या स्पर्धेला एखादी जोडी लिफ्ट करते, म्हणजे एकजण दुसऱ्याला अंगावर उचलून धरतो, आणि सगळ्या टाळ्या त्या लिफ्टलाच पडतात. साहजिकच नवीन आलेला प्रत्येकजण पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘सर, लिफ्ट कधी?’

मी हे पार्टनर वर्क, म्हणजे एकमेकांच्या वजनाच्या आधारानं जोडीनं करायचं नृत्य, याच भागात राहून शिकले, थोडं इथल्या हॉलमध्ये आणि थोडं बाहेरच्या कार्यशाळांत. सुरुवात कुठून करायची, जागा कुणाकडे मागायची, घरी काय सांगायचं, हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून ते इथे क्रमानं लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: स्वतःचं वजन दुसऱ्याच्या हवाली करता येणं आणि दुसऱ्याचं वजन न घाबरता घेता येणं, हेच यातलं खरं शिक्षण. लिफ्ट त्यातून निघते. उलट्या क्रमानं गेलात तर कंबर धरते.

१. हे नेमकं काय आहे ते समजून घ्या

१९७२ साली अमेरिकेत, ओहायोमधल्या ओबर्लिन कॉलेजात, स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकानं काही विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग केला. गाद्यांवर उड्या घ्यायच्या, एकमेकांवर आदळायचं, पडायचं, लोळून परत उठायचं. पॅक्स्टन आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेला होता, आणि पडताना अंग कसं वाचवायचं याची शिस्त त्यानं तिथून आणली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हे काम लोकांसमोर आलं आणि ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ या नावानं रुजलं. ओबर्लिनचीच विद्यार्थिनी नॅन्सी स्टार्क स्मिथ हिनं पुढे आयुष्यभर ते शिकवलं. आज समकालीन नृत्यात जे बसवलेलं पार्टनर वर्क दिसतं, त्यातला मोठा भाग या कामातून आला आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ‘मुलगा उचलणार, मुलगी उडणार’ हे डोक्यातून काढून टाका. बॉलरूम नृत्यात कोण चालवणार हे ठरलेलं असतं. इथे ते दर काही क्षणांनी बदलतं. खालचा तो ‘बेस’ आणि वरचा तो ‘फ्लायर’. दोन्ही कामं प्रत्येकानं शिकायची, मग तुमची उंची-जाडी काहीही असो.

२. जोडीदार नको, तिघं शोधा

दोघांनी सराव सुरू करू नका. तिसरा माणूस ‘स्पॉटर’ म्हणून, म्हणजे पडणाऱ्याला सावरायला बाजूला उभा राहणारा, लागतोच, आणि आळीपाळीनं तिघंही शिकतात. सुरुवातीला उंची आणि वजन साधारण जुळणारे घ्या. मुली-मुली, मुलगे-मुलगे अशा जोड्यांनी सुरुवात करायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे घरच्यांना त्यानं हायसं वाटतं, आणि शिकण्यात काडीचंही कमी पडत नाही.

माणसं डान्स क्लासमध्येच मिळतील असं नाही. कराटे शिकलेली मुलगी, मल्लखांब केलेला मुलगा, योगवर्गातली एखादी ताई, हे लोक पटकन शिकतात. तालमीतला पैलवान बेस म्हणून उत्तम वाटतो आणि ताकद खरोखरच असते, पण खडाखडी करून करून त्याच्या अंगाला समोरच्याला तोल न देण्याची सवय झालेली असते. त्याला वजन द्यायला शिकवण्यात थोडा वेळ जातो. तेवढा वेळ द्या, कारण असा माणूस एकदा सैल झाला की त्याच्यासारखा जोडीदार नाही.

घरच्यांचा प्रश्न टाळू नका. ‘प्रॅक्टिस आहे’ एवढंच सांगून गेलात आणि नंतर कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ आईला दाखवला, की सगळं तिथेच थांबतं. त्यापेक्षा आधीच म्हणा, ‘आई, एक दिवस येऊन बस आणि बघ.’ बघायला आलेल्या आईला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की इथे सगळं लक्ष पाय कुठे टेकला आणि डोकं कुठे आहे यावर असतं. घरचा विरोध मावळलेला मी पाहिला आहे तो अशा बघण्यानंच, समजावून सांगून क्वचितच.

३. स्पर्शाची बोलणी रोज करा

सराव सुरू करण्याआधी दोन मिनिटं समोरासमोर बसा आणि तोंडानं बोला. आज कुठे दुखतंय, कुठे हात लागलेला चालणार नाही, पाळी आहे म्हणून पोटावर वजन नको, डावा खांदा कच्चा आहे. काल चाललं ते आज चालेलच असं नाही, म्हणून रोज विचारायचं. नवरा-बायको असलात, सख्ख्या बहिणी असलात तरी विचारायचं.

थांबण्याची खूण ठरवून ठेवा. दोनदा थोपटलं की सोडायचं, कारण विचारायचं नाही. शब्दही ठरवा. आपल्याकडे गटात कन्नड बोलणारं कुणीतरी असतंच; ‘थांब’ बरोबर ‘साकु’ (पुरे) आणि ‘तडी’ (थांब) हेही सगळ्यांना माहीत असू द्या. घाईच्या क्षणी प्रत्येकाच्या तोंडून आपली भाषाच बाहेर पडते.

इथे एक इशारा, आणि तो मी मनापासून देते. चांगला शिक्षक हात लावण्याआधी विचारतो. ‘कलेत लाज कसली’ असं म्हणून नको म्हटलेला स्पर्श रेटणारा कुणी असेल, बंद दाराआड एकट्याला सराव घ्यायला बोलावत असेल, तर तो क्लास त्याच दिवशी सोडा. आणि सोडल्याचं घरी सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे, तातडीला ११२ आहे. अल्पवयीन मुलं गटात असतील तर पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या आणि सरावाच्या वेळी हॉलचं दार उघडं ठेवा.

४. जागा: वर छत कसलं ते नंतर, आधी जमीन बघा

लाकडी जमीन सर्वांत चांगली, पण ती आपल्याकडे फार कमी ठिकाणी मिळते. शहाबादी फरशी, मोझॅक, ग्रॅनाइट हे सगळं गुडघ्याला आणि मनगटाला कठीण. त्यावर नुसती सतरंजी टाकू नका, ती पायाखालून सरकते. कराटे किंवा तायक्वांदोच्या वर्गात एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट असतात, त्या पहिल्या काही महिन्यांना पुरेशा. त्या वर्गाच्या सरांना भेटून रिकाम्या वेळेत हॉल मागा. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या मोकळ्या मैदानावर सकाळी चालण्याचे, टेकण्याचे सोपे सराव होतात. लोळण्याचे सराव तिथे करायचे तर आधी खडे, काचा, काटे बघून घ्या.

तालमीची तांबडी माती पडणं शिकायला फार छान. पण तालीम वस्तादांची. काही ठिकाणी मुलींना आत घेत नाहीत, काही ठिकाणी मुलींच्या कुस्तीचा सराव चालतो. आधी जाऊन विचारा, चपला बाहेर काढा, मारुतीला नमस्कार करा, मग बोला. वस्तादांनी पडायचं कसं हे एकदा दाखवलं तर ते नीट लक्ष देऊन बघा.

मंगल कार्यालयं हाही चांगला पर्याय आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्याचं बोलता येतं. त्यातला बराच काळ आपल्याकडे पावसाळा असतो. दमट हवेत फरशीला ओल धरते, म्हणून दर अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं पुसा.

हॉल मागताना लागतं ते एवढंच: गटातल्या सगळ्यांची नावं, दिवस आणि वेळ लिहिलेला अर्ज, एकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, अनामत रक्कम. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. अर्जात ‘नृत्याचा सराव, दोघा-तिघांचा गट, आवाज मर्यादित’ असं स्पष्ट लिहा. विश्वस्तांना नंतर आश्चर्य वाटायला नको.

५. अंगावर काय आणि पिशवीत काय

- पायघोळ ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट. चकचकीत नायलॉन घसरतं, आणि उघड्या कातडीला फोमवर चरे पडतात.
- व्हॉलीबॉल खेळणारे घालतात ते नी-पॅड.
- कापलेली नखं, हातापायांची दोन्ही.
- अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, जोडवी, कानातलं, पट्टा, केसांतल्या पिना काढून ठेवायला एक डबी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ब्लाउजच्या किंवा टी-शर्टच्या आत पिनेनं न टोचता चिकटपट्टीनं बसवा आणि त्या दिवशी फक्त सोपे सराव करा.
- घाम पुसायला पंचा, प्यायला पाणी, दोन मोठ्या चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज.
- प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद. मोबाईलमध्ये ठेवलात तर ऐनवेळी लॉक उघडत नाही.

६. आधी पडायला शिका

पंधरा-वीस मिनिटं अंग गरम केल्याशिवाय काहीही सुरू करू नका. मग जमिनीजवळून सुरुवात करा: बसलेल्या स्थितीतून कुशीवर, उकिडवं बसून मागे, शेवटी उभ्यानं.

तीन गोष्टी पक्क्या करा. मागे पडताना हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं आपटत नाही. ताठ हात मागे टेकवून पडणं थांबवू नका. मनगट आणि कोपर मोडतात ते असेच. आणि पुढे लोळताना डोक्यावरून सरळ जायचं नाही, एका खांद्यावरून पाठीच्या तिरक्या रेषेत विरुद्ध बाजूच्या कुल्ल्यावर निघायचं. मणका जमिनीला सरळ रेषेत लागला तर टोचतो, तिरका लागला तर टोचत नाही. तुमची तुम्हालाच परीक्षा होते.

पडण्याचा आवाज ऐका. धप्प वाजलं तर अंग एकदम टाकलं. हळूहळू आवाज कमी होत गेला की पुढे जा.

७. वजन द्यायला आणि घ्यायला शिका

हा या सगळ्यातला सर्वांत मोठा टप्पा आहे. पहिला महिना तरी फक्त इथेच राहा. कंटाळवाणं वाटेल असं लोक म्हणतात. माझ्या मते यातली खरी मजा इथेच आहे.

नुसतं उभं राहणं. पाय कुल्ल्यांइतके लांब, डोळे मिटलेले, पाच मिनिटं. आपण स्थिर आहोत असं वाटतं, पण घोट्यात, पोटऱ्यांत सतत बारीक सावरासावर चालू असते. पॅक्स्टन याला ‘छोटं नृत्य’ म्हणायचा. ही सावरासावर स्वतःत जाणवली तरच ती पुढे दुसऱ्याच्या अंगात जाणवेल.

हाताला हात. एकानं डोळे मिटायचे आणि दुसऱ्याच्या तळहातावर तळहात ठेवायचा. दुसरा चालवेल तसं चालायचं, पण पकडायचं नाही. पाच मिनिटांनी अदलाबदल. नंतर चालवणारा कोण हे न ठरवता करा. हे नीट जमलं की दोघांनाही सांगता येत नाही की आत्ता कोण नेतंय.

पाठीला पाठ. गुडघे मोडून पाठीला पाठ लावून बसा, एकमेकांच्या पाठीत रेटत उभे राहा, तसेच खाली बसा. हात वापरायचे नाहीत. मग उभ्यानं खांद्याला खांदा लावून टेका आणि पाय थोडे थोडे बाहेर न्या. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे टेकल्यासारखं दाखवायचं पण सगळं वजन आपल्याच पायांवर ठेवायचं. ओळखायची खूण सोपी आहे: जोडीदार बाजूला झाला तर तुम्ही पडाल का? पडणार नसाल तर वजन दिलेलंच नाही. (खरोखर बाजूला होऊन मात्र बघू नका.) दुसरी चूक उलटी, अंग ढिलं सोडून समोरच्यावर ओतायचं. वजन द्यायचं ते अंगात जीव ठेवून.

फुगडी. हो, आपलीच मंगळागौरीची आणि नागपंचमीची फुगडी. समकालीन नृत्यात ज्याला काउंटरबॅलन्स म्हणतात, म्हणजे दोघांनी एकमेकांपासून लांब झुकून एकमेकांना तोलून धरायचं, ते फुगडीत पूर्णपणे आहे. पाय जवळ, अंग मागे, आणि दोघींचा तोल एकमेकींच्या हातात. आपल्या आयांना, आज्यांना हे येतं. त्यांना हॉलवर बोलवा आणि शिका. मी तर म्हणेन की या भागातल्या मुलींनी पार्टनर वर्कची सुरुवात इथूनच करावी.

फरक एवढाच करा की सुरुवातीला फिरायचं नाही. उभं राहून नुसतं मागे झुका, कोपरं हळूहळू सरळ होऊ द्या. पकड बोटांत बोटं अडकवून घेऊ नका, सुटताना बोट मुरगळतं. एकमेकांची मनगटं धरा, म्हणजे एकाचा हात निसटला तरी दुसऱ्याचा असतो. खांदे कानांकडे चढू देऊ नका, ओढ पाठीतून आणि कुल्ल्यांतून येऊ द्या. मग तसेच झुकलेले खाली बसा आणि वर या. बसफुगडी आलेल्यांना हे लगेच जमतं. मग एका हातानं करा, मग कुशीच्या दिशेनं झुकून करा.

‘ती माझ्यापेक्षा जाड आहे, मला जमणार नाही’ ही तक्रार इथेच मिटते. तोल वजनांच्या बरोबरीवर ठरत नाही. हलकी व्यक्ती जास्त बाहेर झुकते, जड व्यक्ती कमी, आणि दोघी स्थिर राहतात. तो कोन दर जोडीत वेगळा असतो आणि तो शोधणं हाच सराव.

चौपाई. बेसनं हात आणि गुडघे टेकून राहायचं, हात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे कुल्ल्यांच्या खाली. दुसऱ्यानं आधी तळहातानं, मग कोपरानं, मग सगळं अंग आडवं टाकून वजन द्यायचं. वजन द्यायच्या जागा दोन: माकडहाडाच्या वरचं पाठीचं रुंद हाड, म्हणजे कमरेच्या खालचा चपटा भाग, आणि वर दोन फऱ्यांमधला भाग. मधल्या कमरेवर, मानेवर आणि गुडघ्यावर वजन कधीही द्यायचं नाही. हे घोकून पाठ करा, पुढे प्रत्येक लिफ्टमध्ये हाच नियम लागतो.

हे सगळं जमलं की संपर्काची जागा सरकवत न्या: मनगट, कोपर, खांदा, पाठ, कुल्ला. दोघांची अंगं कुठेतरी लागलेली हवीत, पण ती जागा थांबू द्यायची नाही.

८. आता लिफ्ट

स्पॉटर उभा असल्याशिवाय नाही. त्याचं काम फ्लायरचं डोकं आणि मान वाचवणं. सगळा माणूस झेलायचा नाही, म्हणून तो फ्लायरच्या खांद्याजवळ असतो, पायांजवळ नाही.

पहिली लिफ्ट कडेवरची. बेसनं गुडघे वाकवून आपला कुल्ला फ्लायरच्या कुल्ल्याच्या खाली न्यायचा. उचलण्याआधी दोघांची अंगं चिकटलेली हवीत. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य ओटीपोटाच्या आसपास असतो. तो तुमच्या अंगापासून जितका लांब तितका ताण तुमच्या कमरेवर. मग एकत्र श्वास, फ्लायरनं स्वतः उडी घ्यायची, आणि त्या उडीच्या वरच्या टोकाला बेसनं गुडघे सरळ करायचे. हातांनी ओढून उचलायचं नाही, पायांनी उचलायचं. फ्लायरनं पोट आणि मांड्या आवळून ठेवायच्या. ढिलं अंग उचलायला फार अवघड जातं.

खाली उतरवणं वर नेण्यापेक्षा कठीण आहे, आणि लोक सराव करतात तो फक्त वर नेण्याचा. फ्लायरचा आधी चवडा, मग टाच, मग गुडघा वाकलेला, आणि त्याच्या पायांनी वजन घेतल्याची खात्री होईपर्यंत बेसनं सोडायचं नाही.

नंतर पाठीवरची लिफ्ट. त्यात दोघांचं ते चपटं हाड एकमेकांवर येतं आणि बेस गुडघे वाकवून पुढे झुकतो. खांद्यावरच्या आणि डोक्यावरच्या लिफ्ट शिक्षकाशिवाय करू नका. रील बघून तर मुळीच नाही. रीलमध्ये दिसतो तो जमलेला एक प्रयत्न. तिथे खाली गादी होती का, बाजूला कोण उभं होतं, यातलं काही दिसत नाही. दमल्यावर ‘अजून एकदाच’ म्हणून केलेली लिफ्ट सर्वांत धोक्याची. पाय थरथरायला लागले की त्या दिवशीच्या लिफ्ट संपल्या.

कार्यक्रमात करणार असाल तर त्या दिवशीचे कपडे नेसून-घालूनच तालीम करा. जरी आणि टिकल्या कातडी कापतात, सॅटिन हातातून निसटतं. मंडळाच्या स्टेजवर प्लायवुडच्या फटी आणि कार्पेटच्या सुरकुत्या असतात. कार्यक्रमाआधी अनवाणी सगळं स्टेज चालून बघा आणि लिफ्टची जागा त्यानुसार बदला.

९. दुखलं तर

घोटा मुरगळला तर कापडात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. आपल्याकडे लगेच चोळायला किंवा हाड बसवायला न्यायची सवय आहे, ते एक्स-रेच्या आधी नको. हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा आला तर डॉक्टरकडे त्याच दिवशी. मानेवर किंवा डोक्यावर पडलेल्याला हलवू नका, १०८ ला फोन करा.

१०. पुढे बाहेर शिकायला जायचं असेल तर

बेंगळुरूचं अट्टक्कलरी हे १९९२ साली सुरू झालेलं केंद्र समकालीन नृत्यात मोठं नाव आहे. पुण्या-मुंबईतही कार्यशाळा होतात. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना २०२३ च्या जूनपासून राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेखाली प्रवास मोफत आहे, त्यामुळे निपाणी किंवा खानापूरहून बेळगावला सरावाला येण्याचा खर्च वाचतो. ओळखपत्र जवळ ठेवा. ही सोय राज्यातल्या प्रवासासाठी आहे, कोल्हापूर-पुण्याचं तिकीट काढावं लागतं.

अर्जासाठी हे तयार ठेवा: दोन-तीन मिनिटांचा, न कापलेला, पूर्ण अंग दिसणारा व्हिडिओ, आधार आणि फोटो, जुन्या दुखापती प्रामाणिकपणे लिहिलेला कागद, अल्पवयीन असाल तर पालकांचं संमतीपत्र. ते मराठीत लिहिलेलं असेल तर बेंगळुरूसाठी इंग्रजी प्रत जोडा.

फी भरण्याआधी विचारा: रोज पार्टनर वर्क किती तास, एका शिक्षकामागे किती जण, जमीन कसली, मध्येच दुखापत झाली तर पैशांचं काय. उत्तरं लेखी मिळाली तर उत्तम.

आणि जोडीदारासोबत गेलात तर तिथे एकमेकांना सोडा. सकाळच्या सत्रात अनोळखी माणसाबरोबर, दुपारी तुमच्यापेक्षा बऱ्याच जड किंवा हलक्या माणसाबरोबर जोडी लावा. घरी परतल्यावर पहिल्या सरावाला पुन्हा मनगट धरून फुगडीच्या झुकण्यापासून सुरू करा, कारण त्या आठवड्यात दोघांच्याही तोलाचा कोन बदललेला असतो.